बिराजदार सरांची लढाई

परवा एका महाविद्यालयातल्या चर्चासत्राला गेलो होतो. निवृत्त मराठी शिक्षकाला अशा ठिकाणी आग्रहानं पहिल्या रांगेत बसवतात आणि चहाच्या वेळी विसरून जातात. एक तरुण प्राध्यापक कुठल्याशा परदेशी दिग्दर्शकाच्या युद्धपटावर निबंध वाचत होते. उत्तर-आधुनिक शैली, चित्रप्रकारांची सरमिसळ, असं बरंच काही त्यात होतं. त्या दिग्दर्शकानं म्हणे लढाईच्या सिनेमात काउबॉयपट घुसवला आहे, प्रहसन घुसवलं आहे, पुस्तकासारख्या प्रकरणांच्या पाट्या लावल्या आहेत आणि आपण सिनेमा बघतो आहोत हे प्रेक्षकाला विसरूच दिलेलं नाही. ‘असं धाडस आजवर...’ असं ते म्हणाले आणि मला राहवलं नाही. शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, “हे सगळं आमच्या बिराजदारांनी सोलापुरात चौऱ्याहत्तर साली करून ठेवलं होतं. आठ मिलिमीटरच्या फिल्मवर.” गृहस्थ सौजन्यानं हसले आणि खुर्ची इंचभर पलीकडे सरकवून बसले.

शिवलिंगप्पा बिराजदार आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याच्या खिशापाशी रोज वेगळ्या रंगाचा डाग. त्यामुळे आज कुठल्या वर्गाला काय शिकवलं हे हेडमास्तरांना टाचणवही न उघडता कळायचं. शाळेतल्या शिक्षकांना ते नावानं कधीच हाक मारत नसत. गणित सर, पी.टी. सर, भूगोल बाई. मी ‘मराठी सर’. माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

त्यांच्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. रेघ चुकली तर पुसायची नाही, तिचं काहीतरी करायचं. वाकडी गेली तर तिचा कावळा करा, फांदी करा, नाहीतर कुणाचं तरी शेपूट करा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलाचं चित्र हातात घेतलं. किटली काढायची होती आणि मुलानं तिला तीन कान काढले होते. साहेब म्हणाले, “हे काय?” बिराजदार सर शांतपणे म्हणाले, “दोन कान चुकले, साहेब. तिसरं बरोबर आलंय की.” साहेबांनी शेरा काय मारला मला माहीत नाही, पण त्या किटलीचं चित्र सरांनी पुढे चौकट करून भिंतीवर लावलं.

त्यांचं खरं वेड म्हणजे सिनेमा. सुट्टीत ते थिएटरांचे बोर्ड रंगवत, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन थिएटरांचे डोअरकीपर त्यांना तिकीट विचारत नसत. या सवलतीचा उपयोग दुसऱ्या कुणी सरळपणे केला असता. सर काय करत, तर एका थिएटरात मध्यंतरापर्यंत बसत आणि मध्यंतरानंतरचा भाग शेजारच्या थिएटरात जाऊन बघत. सोमवारी स्टाफरूममध्ये ही जोडलेली गोष्ट ते एकसंध म्हणून सांगत. राक्षसानं राजकन्येला उचलून आकाशमार्गे नेलं, मध्यंतर झालं, आणि तिला सोडवायला मोठी टोपी घातलेला एक घोडेस्वार वाळवंटातून आला. भूगोल बाई हसून हसून चहा सांडायच्या. मी चिडायचो. मला तेव्हा रसव्यवस्थेचा मोठा अभिमान होता. युद्ध म्हणजे वीररस, मृत्यू म्हणजे करुणरस, आणि कुणी कुणाच्या पंगतीत बसायचं नाही, असं मी मुलांना शिकवत असे. मी म्हणायचो, “सर, ही गोष्ट नव्हे, हा पंचमेळ आहे.” ते म्हणायचे, “मग काय झालं? राजकन्या सुटली की.”

आता बिराबद्दल सांगायला हवं, कारण लढाई त्याची होती.

बिरा कोळेकर आमच्या शाळेचा शिपाई. सांगोल्याकडचा धनगराचा पोरगा, फौजेत गेला, एकाहत्तरच्या लढाईतून उजव्या हाताची दोन बोटं गमावून परत आला आणि आमच्या शाळेत घंटा वाजवू लागला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. एरवी अबोल. पण मधल्या सुट्टीत तो चित्रकलेच्या खोलीत जाऊन बसायचा आणि तिथे बिराजदार सरांना लढाई सांगायचा. फौजेच्या छावणीत त्यांना कापड बांधून सिनेमे दाखवत. ते सगळे सिनेमे त्याच्या लढाईत शिरले होते. त्याचा जोडीदार दत्तू त्या लढाईत गेला, आणि दत्तू कसा गेला हे बिरानं मी ऐकत असताना चार वेळा सांगितलं, चारही वेळा निराळं. एकदा दत्तू आणि शत्रूचा सुभेदार वीस पावलांवर समोरासमोर उभे राहिले, दोघंही डोळ्याला डोळा भिडवून कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग दोन गोळ्या सुटल्या. एकदा गोळ्या हवेतच एकमेकींवर आपटून विझल्या. एकदा तर कॅप्टन बाईच्या वेषात शत्रूच्या छावणीत शिरला आणि दत्तू मरताना त्यावर विनोद सांगून गेला. आणि एकदा दत्तूला साधी गोळी लागली आणि बिरानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं.

मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, “हा धडधडीत खोटं बोलतो.”

सर ब्रश पुसत होते. म्हणाले, “खोटं नाही हो मराठी सर. त्याला सांगायचं हाय, आणि सांगता येईना. तुमच्यासारखी भाषा नाही त्याच्याकडं. पिक्चर हाय तेवढंच हाय. मग त्यातलंच उचलून सांगतंय बिचारं.”

हे मला तेव्हा पटलं नाही. दत्तूची आई येईपर्यंत पटलं नाही.

भागूबाई करमाळ्याजवळच्या खेड्यातल्या. दर दोन-तीन महिन्यांनी त्या एस.टी.नं सोलापूरला यायच्या, कमळाभवानीचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधून. तो बिरासाठी. आणि बिरा त्या फाटकातून आत येताना दिसल्या की प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायचा. मग त्या घंटेखाली बसून राहायच्या. बरोबर आणलेलं गाठोडं सोडायच्या नाहीत, पाणी दिलं तर प्यायच्या. एकदा मला विचारलं, “मास्तर, बिरा आज बी सुट्टीवर हाय व्हय?” मी “हो” म्हणालो. शिक्षकी पेशात मी जी मोजकी खोटी बोललो, त्यांतलं हे मला अजून टोचतं.

त्यांच्याकडे फौजेचं पत्र होतं. मीच त्यांना वाचून दाखवलं. वीरमरण आलं, देश ऋणी आहे, असा मजकूर होता. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, “वीर कळालं. मरण बी कळालं. कसं, त्ये न्हाय कळालं. बिरा संगं हुता त्येच्या. कुटं लागलं त्येला? कुणी पानी पाजलं का? येवडंच इचारायचंय मला.”

बिराजदार सर दारात उभे राहून हे ऐकत होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, “बिराला बोलता येत नाही. मग आपण अव्वाला दाखवू या की.”

अव्वा म्हणजे आई. त्या बाईंना ते पहिल्यापासून अव्वाच म्हणायचे.

सरांकडे आठ मिलिमीटरचा एक कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर होता. गिरणीतून निवृत्त होऊन पुण्याला निघालेल्या एका साहेबांच्या तीन पिढ्यांची तैलचित्रं काढून दिल्याबद्दल त्यांनी ते दोन्ही बक्षीस दिले होते. त्या कॅमेऱ्यात आवाज धरला जात नसे. रीळ चार मिनिटांचं. त्यातही एक तंत्र होतं. अर्धं रीळ झालं की ते काढून उलटं घालायचं, म्हणजे फिल्मची दुसरी कड वापरली जायची. दोन्ही कडा झाल्या की डबीत बंद करून धुवायला मुंबईला. महिन्याभरानं टपालानं परत यायचं, आणि जे परत यायचं तेच दाखवायचं. त्याची दुसरी प्रत नसे.

रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या खडकाळ माळावर जमायचो. दुष्काळ नुकताच सरला होता, त्यामुळे रणभूमी म्हणून त्या माळाला काही वेगळं करावं लागलं नाही. एन.सी.सी.च्या लाकडी बंदुका होत्या. गणित सर शत्रूचे सेनापती. वर्गातही त्यांचा दरारा तसाच असल्यानं त्यांना अभिनयाची गरज नव्हती. पी.टी. सर आमचे कॅप्टन. मी कर्नल, आणि माझं काम एवढंच की एका दगडावर बसून चिंतातुर चेहऱ्यानं नकाशा बघायचा. नकाशा सोलापूर जिल्ह्याचा होता. बिराची भूमिका बिरानंच केली. दत्तूची भूमिका प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या सिनूनं. सिनू भवानी पेठेतल्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, अत्यंत देखणा. सिनेमा मुका होता म्हणून त्याला निवडलं असं सर म्हणायचे, कारण त्याचं मराठी ऐकून दत्तूच्या आईला धक्का बसला असता.

आणि मग सरांनी जे काही केलं ते मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही. त्यांनी बिराच्या चारही गोष्टी घेतल्या. एकही टाकली नाही. पहिल्या अध्यायात गणित सर आणि सिनू वीस पावलांवर उभे, आणि सर आळीपाळीनं दोघांचे फक्त डोळे दाखवतायत. एवढा वेळ, की गणित सरांच्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या अध्यायात गोळ्या आकाशात भिडतात. त्यासाठी सरांनी धुऊन आलेल्या फिल्मवर सुईनं, एकेका दाण्याएवढ्या चित्रावर, रेघा कोरल्या. पौराणिक सिनेमातले बाण जसे झगझगीत येतात तशा त्या पडद्यावर दिसायच्या. आठवडाभर ते मान खाली घालून सुई चालवत होते. तिसरा अध्याय निखळ तमाशा, त्यात पी.टी. सर बाईचा वेष घेऊन शत्रूच्या छावणीत जातात. प्रत्येक अध्यायाआधी सरांनी स्वतः रंगवलेली पाटी, कोपऱ्यात त्यांचा ब्रश धरलेला हातही दिसतो.

शूटिंग चालू असताना एकदा दुधाचे कॅन अडकवलेला एक सायकलवाला थेट रणधुमाळीतून गेला. वाटेत थांबून त्यानं मेलेल्या शिपायाला पत्ताही विचारला. मी ओरडलो, “सर, हे काढून टाका, रसभंग होतोय!” सर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, “तो खरंच आलाय की. मी कोण काढणारा?” आणि बिरा, जो कधी मध्ये बोलत नसे, तो म्हणाला, “आला हुता, सर. तितं बी एक म्हातारा गाय घेऊन आला हुता मधनंच. आमी गोळीबार थांबिवला त्यो जाईस्तोवर.” हे त्यानं चारपैकी कुठल्याच गोष्टीत सांगितलं नव्हतं. बिराजदार सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. त्यांचा तो मोठेपणा होता. मी असतो तर बोललो असतो.

चौथा अध्याय दत्तूच्या मरणाचा. तो सरांनी अगदी साधा ठेवला. गोळी लागते, दत्तू पडतो, बिरा त्याचं डोकं मांडीवर घेतो आणि बाटलीतून पाणी पाजतो. आईला हेच हवं होतं आणि बिरानंही शेवटी शेवटी हेच सांगायचं ठरवलं होतं. दोन कडांवर चार मिनिटं, एक रीळ.

त्या रिळाचं काय झालं ते सांगतो. त्याआधीच्या रविवारी सर बिराच्या गावी जाऊन आले होते. दत्तू एकदा सुट्टीत बिराकडे राहिला होता आणि मेंढरांच्या कळपात शिरून खूप हसला होता, म्हणून सरांनी तिथला कळप टिपला. आमचा नियम असा, की वापरलेल्या रिळाच्या डबीला लोकरीचा धागा बांधायचा, म्हणजे चूक होणार नाही. सरांनी बांधलाही. पण रात्री डबी बिराच्या घरी राहिली, आणि बिराच्या आईनं चांगली लोकर उगाच एका डबीला अडकलेली पाहून ती सोडून टकळीला लावली. लोकर वाया घालवणं त्या घराला माहीतच नव्हतं. पुढच्या रविवारी सरांनी कोरं समजून तेच रीळ कॅमेऱ्यात घातलं, आणि मेंढरांच्या चित्रांवरच दत्तूचं मरण टिपलं गेलं.

महिन्यानं रीळ आलं. चित्रकलेच्या खोलीत भिंतीवर टाकून आम्ही बघितलं. सिनू पडतो आणि त्याच्या अंगातून मेंढरं चाललेली. मांडीवर डोकं, आणि डोक्यावरून शेकडो पाय. पाण्याची बाटली एका कोकराच्या पाठीत बुडालेली. गणित सर म्हणाले, “वाया गेलं.” सिनूचा चेहरा पडला, कारण त्याचा देखणा चेहराच कुठे नीट दिसत नव्हता. मी म्हटलं, “पुन्हा घ्यावं लागेल.” पण नवीन रीळ मिळायला तीन महिने लागणार होते, आणि भागूबाईंना निरोप गेला होता.

बिराजदार सर भिंतीकडे बघत म्हणाले, “पुन्हा लावतो, थांबा.” त्यांनी ते तीनदा लावलं. मग म्हणाले, “राहू दे. याचं काहीतरी होतंय.”

एप्रिलमधला रविवार, दुपारी दोनची वेळ. शाळेचा हॉल अंधारा करायचा होता. सिनूनं भवानी पेठेतल्या घराघरांतून चादरी गोळा करून खिडक्यांना बांधल्या. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला उत्तम, पण सोलापूरचं ऊन तिच्यापेक्षा वरचढ. चादरीतून ऊन आरपार येऊ लागलं आणि पडद्यावर मोर आणि कमळं उमटली. सर डोक्याला हात लावून बसले. बिरा न बोलता बाहेर गेला आणि कुठून कुठून डझनभर घोंगडी घेऊन आला. ती बांधली तेव्हा अंधार झाला, आणि हॉलभर मेंढरांचा वास पसरला.

भागूबाई पुढे सतरंजीवर बसल्या. बिरा या वेळी पळाला नाही. भिंतीला टेकून उभा होता. मी निवेदन लिहून आणलं होतं, ‘हे वीरमाते’ असं सुरू होणारं. पहिलं वाक्य वाचलं. प्रोजेक्टरमागून सरांचा आवाज आला, “मराठी सर, जरा गप्प बसा. अव्वाला बघू द्या.” मी बसलो. आता वाटतं, ते माझ्यावर त्यांचे उपकारच होते.

सिनू दिसताच भागूबाई म्हणाल्या, “ह्यो न्हाय माझा दत्तू. ह्यो लई गोरा हाय.” सिनू अंधारात खजील झाला. गणित सरांच्या डोळ्यांना त्या हसल्या, पी.टी. सरांच्या बाईला तर पदर तोंडाला लावून हसल्या. “असली सोंगं करीत हुती व्हय लढाईत?” मी अवघडलो. मुलगा गेलेली आई आणि समोर तमाशा. पण त्या हसत होत्या, आणि दोन वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग चौथा अध्याय आला. दत्तू पडला. मेंढरं त्याच्यातून चालू लागली. भागूबाई हसायच्या थांबल्या. पुढे वाकल्या. त्या लोकरीच्या हालचालीत सिनूचं नाक, सिनूचा रंग, सगळं पुसट झालं होतं. उरला होता कुठलाही एक तरुण चेहरा.

“आत्ता दिसला,” त्या म्हणाल्या. “थांबिव. थांबिव रं तितं!”

सर क्षणभर घुटमळले. मला त्यांचं कारण माहीत होतं. त्या प्रोजेक्टरचा दिवा भयंकर तापायचा. फिल्म चालत राहिली तर ठीक, एका जागी थांबली की दोन-तीन श्वासांत जळायची. आणि दुसरी प्रत नव्हती. वर्षभराची मेहनत, सुईच्या रेघा, सगळं त्या एका फितीत होतं.

सरांनी प्रोजेक्टर थांबवला.

चेहरा पडद्यावर स्थिर राहिला. भागूबाई उठून दोन पावलं पुढे गेल्या. त्यांनी हात वर केला, पण लावला नाही. मग त्या चेहऱ्याच्या कडेला एक तपकिरी डाग उमटला, तो फुगला, पसरला, आणि चेहरा आतून फाटून पांढरा उजेड आला. सरांनी दिवा बंद केला. कुणीतरी एका खिडकीचं घोंगडं ओढलं.

“काय झालं?” भागूबाईंनी विचारलं.

“जळालं, अव्वा. थांबवलं की जळतंय हे.”

“आन् तरी थांबिवलंस?”

“तुमी म्हणाला की.”

तेवढ्यात बिरा भिंतीपासून सुटला आणि भागूबाईंच्या समोर येऊन खाली बसला. त्याचा आवाज मी त्या दिवशी ओळखला नाही.

“आत्या, त्यो असाच गेला. गोळी न्हाय लागली त्येला. दारूगोळ्याचा ट्रक चालवीत हुता, त्यो पेटला. मी पानी न्हाय पाजलं. मला त्येला भाईर काढता आलं न्हाय. हात घातला, तर हे झालं,” आणि त्यानं बोटं नसलेला हात पुढे केला. “मांडी, पानी, समदं खोटं हाय. मग मला वढून मागं न्हेलं, चाळीस पावलांवर. नुसता हाका मारीत हुतो.”

त्याच्या चारही गोष्टींत ट्रक कुठेच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

भागूबाई त्याच्यावर वाकल्या. मला वाटलं, आता त्या त्याला मारतील. त्यांनी विचारलं, “त्येला दिसत हुतास का तू?”

“व्हय. माज्याकडंच त्वांड हुतं त्येचं.”

“आन् तुला त्यो दिसत हुता. शेवटपत्तोर?”

“व्हय, आत्या.”

“मग येकटा न्हाय गेला,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी बगत हुतं माज्या लेकराला.” आणि त्यांनी बिराचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्यानं रडल्या. बिराही रडला. दोन वर्षं दोघंही ज्याला टाळत होते ते रडणं होतं. आम्ही सगळे मास्तर लोक लहान मुलांसारखे इकडेतिकडे बघत होतो. रसांची नावं मला सगळी पाठ होती. त्या दुपारचा रस कुठला, ते मी आजही सांगू शकणार नाही.

बिराजदार सर प्रोजेक्टरशी वाकून जळकी फीत सोडवत होते. त्यांनी कात्री मागितली. जळलेल्या जागेच्या अलीकडची, मेंढरांची आणि चेहऱ्याची, वीतभर फीत त्यांनी कापली. स्वतःच्या सिनेमाच्या मधोमध. मी म्हटलं, “सर, असं नका करू, जोडता येईल.” ते म्हणाले, “जोडायचं कशाला? हे अव्वाचं हाय.”

संध्याकाळच्या आतली करमाळ्याची गाडी गाठायला आम्ही भागूबाईंना घेऊन स्टँडवर गेलो. बिरानं गाठोडं घेतलं होतं, अंगाऱ्याची पुडी त्याच्या खिशात होती. गाडीत त्यांना खिडकी मिळाली. त्यांनी फीत आभाळाकडे धरली, एक डोळा मिटला. एकेक चित्र तांदळाच्या दाण्याएवढं. त्यांना काय दिसलं असेल देव जाणे. पण त्या मान हलवत राहिल्या. फीत त्यांनी उलटी धरली होती. सरांनाही ते दिसलं असणार, कारण त्यांचा हात ती सरळ करायला वर गेला आणि तसाच खाली आला.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. तेव्हा एकदम भागूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मास्तर, त्या पिक्चरात फुडं काय हुतं? ऱ्हायलंच की बगायचं!”

खरंच राहिलं होतं. पुढचा भाग आम्ही कुणीच पाहिला नव्हता, मीसुद्धा. शेवट सरांनी कुणाला दाखवलाच नव्हता.

बिराजदार सर गाडीच्या बरोबरीनं चालू लागले. खिडकीच्या गजाला हात लावून. “पुढं मी म्हणतोय, झालं, बास. कॅमेरा मात्र बंद करीत नाही,” ते ओरडून सांगत होते, कारण इंजिनाचा आवाज मोठा होता. “मग मेलेले समदे उठत्यात, अव्वा! आपले बी उठत्यात, त्यांचे बी उठत्यात. कपडे झटकत्यात. ते गणिताचं मास्तर हाय ना, सेनापती, ते पाणी वाटतंय सगळ्यांना.”

“आन् दत्तू?”

गाडीनं वेग घेतला. सर धावू लागले. पन्नाशीचा जाडजूड माणूस, पायजमा एका हातानं वर धरलेला, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. हमाल, फेरीवाले वाट सोडून उभे राहिले. हा शेवट खरोखरच फिल्मवर होता की धावता धावता त्यांनी तो रचला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

“दत्तू पयला उठतोय, अव्वा!” फाटकाशी पोचताना त्यांचा आवाज आला. “पयला उठून तो बिराच्या डब्यातली भाकरी खातोय... कांदा फोडून...” आणि पुढचं काही मला ऐकू आलं नाही. गाडी फाटकाबाहेर वळली. धुळीतून दिसत होता तो खिडकीबाहेर आलेला भागूबाईंचा हात आणि गाडीच्या मागे धावणारे बिराजदार सर, अजून सांगत असलेले.